'एच' की 'हेच'? लेकीच्या आजोबांना काय सांगू?

मिहिकाची_आई

नमस्कार मंडळी. घरात पंधरा दिवस इंग्रजीतल्या आठव्या अक्षराच्या (H) नावावरून धुसफुस चालली आहे, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही मेलबर्नला असतो. लेक पाच वर्षांची, यंदाच शाळेत जायला लागली. इथे पहिल्या वर्षाला प्रेप म्हणतात. शाळा कॅथलिक, पण घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे म्हणून घेतली. सासरे (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) कराडहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांनी चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय आणि अजूनही रोज सकाळी पेन्सिल हातात धरून इथलं वर्तमानपत्र वाचतात.

एका रात्री जेवताना मिहिकाने स्वतःच्या नावाचं स्पेलिंग म्हणून दाखवलं. एम, आय, हेच, आय, के, ए. बाबांचा घास हातातच राहिला. "हेच नव्हे गं बाळा, एच." ती म्हणाली, "आमच्या मिस हेच म्हणतात." बाबांनी पुन्हा दुरुस्त केलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे भरले आणि ती अर्धी पोळी ताटात टाकून उठली. मग बाबाही जेवले नाहीत. ताकभात कालवला आणि तसेच बसून राहिले.

बाबा म्हणतात, शाळेत जाऊन बाईंना सांग. नवरा म्हणतो, आमच्या ऑफिसात कितीतरी लोक हेच म्हणतात, सोडून द्या. माझी इथली एक मैत्रीण सरकारी शाळेत शिकवते. ती म्हणाली, "कुणी हेच म्हणालं की मला कळतं, हा कॅथलिक शाळेत शिकलेला." मी चाटच पडले. एका अक्षराच्या नावावरून माणसाची शाळा कळते?

तर नेमकं बरोबर काय? आणि हा फरक आला कुठून? बाबांना पटेल असं सांगा. ते पुराव्याशिवाय काही मानत नाहीत.

पेठेतला_पक्या

हेच बरोबर! (कसंही वाचा.)

रजनीगंधा

पक्या, पहिल्याच प्रतिसादात धागा संपवलास की रे! :)

शब्दवेडा

ताई, पुरावा हवाय म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

लॅटिनमध्ये या अक्षराचं नाव साधं 'हा' होतं. पुढे लोकांच्या बोलण्यातून 'ह' हा ध्वनीच गळून गेला आणि नावाची ओढाताण झाली. इटालियनमध्ये ते 'आक्का' झालं, स्पॅनिशमध्ये 'आचे', आजच्या फ्रेंचमध्ये 'आश'. इंग्लंडात हे नाव आलं ते जुन्या फ्रेंचमधून, तेव्हा ते 'आच' असं होतं. नंतर इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले. 'नेम' हा शब्द पूर्वी आपल्या 'नाम'सारखा उच्चारत, त्याचा 'नेम' झाला. तसाच 'आच'चा 'एच' झाला.

म्हणजे हे नाव इंग्लंडात पोचलं तेव्हाच त्यात 'ह' नव्हता. बी, डी, एफ, एम, बहुतेक नावं घ्या, अक्षराचा ध्वनी नावात बसलेला असतो. एचमध्ये तो नाही. मुलांना हे खटकतं आणि ती 'ह' परत आणून बसवतात. तुमच्या मिहिकाने एका अर्थी हरवलेलं सामान जागेवर ठेवलंय.

आणखी एक पुरावा बाबांसाठी. इंग्रजीत दुखण्याला जो 'एक' (ache) शब्द आहे (डोकेदुखीतला), त्याचं नाम शेक्सपिअरच्या काळी 'एच' असं उच्चारत. त्याच्या एका सुखान्त नाटकात नायिका उसासा टाकते, मैत्रीण विचारते कशासाठी, तर ती या अक्षरासाठी असं सांगते. दुखणं आणि अक्षर, दोन्हींचा उच्चार सारखा, त्यावरची कोटी. सोळाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये 'एच' चालत होतं, हे यावरून पक्कं ठरतं.

जोशीसर_नाशिक

शब्दवेडा यांनी छान मांडलंय, पण त्यातून निष्कर्ष बाबांच्या बाजूनेच निघतो. परंपरेने आलेलं नाव 'एच'. शब्दकोशांत पहिलं तेच. 'हेच' ही नंतरची भर आहे.

मीही वर्गात तीस वर्षं काढलीत. मुलगा 'हेच' म्हणाला तर मी प्रेमाने पण ठामपणे 'एच' म्हणायला लावायचो. पुढे मुलाखतीला जाईल तेव्हा समोरच्याने पहिल्या मिनिटाला नाक मुरडू नये, एवढीच त्यामागची काळजी. बाबांची तळमळ मला कळते.

डब्लिनकर

सर, नाक मुरडतं कोण यावर सगळं आलं. इथे आयर्लंडमध्ये 'हेच' हाच सर्वमान्य उच्चार आहे. बातम्या देणारे, डॉक्टर, प्राध्यापक, सगळे हेच म्हणतात. मी नऊ वर्षांपूर्वी आलो तेव्हा 'एच' म्हणायचो. तेव्हा इथला एक सहकारी म्हणाला, "तू अगदी इंग्रजांसारखं बोलतोस." तो कौतुकाने म्हणत नव्हता.

आणि फक्त हे एकच अक्षर नाही. इथे 'आर'ला 'ऑर' म्हणणारे पुष्कळ भेटतात. आल्या आल्या दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो. आडनावात आर. काउंटरवरच्या काकूंना मी स्वच्छ 'आर' सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "आ?" आणि लिहिलं इंग्रजीतलं पहिलं अक्षर, 'ए'. लहान मुलांना इथे पहिल्या अक्षराचं नाव 'आ' असंही शिकवतात. त्यामुळे त्यांच्या कानाला माझं 'आर' तिकडेच गेलं. शेवटी मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. आता फोनवर न चुकता 'ऑर' म्हणतो.

ऑस्ट्रेलियाच्या कॅथलिक शाळांमध्ये 'हेच' गेलं त्याचं कारण तिथलेही लोक हेच सांगतात (पक्या, थांब!). तिथे सुरुवातीला शिकवणाऱ्या नन आणि ब्रदर मंडळींत आयरिश खूप होते.

मिहिकाची_आई

अगं बाई! मिहिकाच्या शाळेच्या दारातच जुन्या नन्सचा फोटो लावलेला आहे. उद्या नीट बघते.

ग्लासगोचा_गंप्या

आमच्या स्कॉटलंडमध्ये जुनी माणसं 'जे'ला 'जाय' म्हणतात. त्याच्या मागचं 'आय' आणि हे 'जाय' असं जोडीने यमक जुळतं. शेजारचे आजोबा अक्षरमाला म्हणतात ती ऐकायला फार गोड लागते. मुलांच्या तोंडी मात्र 'जे'च.

वंदना_सांगली

मी बेलफास्टला नर्स आहे, अकरा वर्षं झाली. इथे हा विषय थट्टेने काढता येत नाही, म्हणून जरा गंभीरपणे लिहिते.

उत्तर आयर्लंडमध्ये ढोबळमानाने कॅथलिक 'हेच' म्हणतात आणि प्रोटेस्टंट 'एच' म्हणतात. शाळा वेगळ्या, मोहल्ले वेगळे, म्हणून हे टिकून राहिलं. दंगलींच्या, बाँबच्या काळात अनोळखी माणूस कुठल्या बाजूचा हे ओळखायला लोक नाव विचारत, शाळा विचारत आणि काही वेळा अक्षरमाला म्हणायला लावत. आठव्या अक्षराला काय म्हणतो, तेवढंच ऐकायचं असे. त्या उत्तरावर मार खाल्लेली माणसं अजून आहेत.

बेलफास्टजवळच्या मेझ तुरुंगातल्या इमारती याच अक्षराच्या आकाराच्या होत्या. दोन उभ्या रांगा आणि मधला आडवा दुवा. तिथे १९८१ साली उपोषणात दहा कैदी गेले. त्या इमारतींना सगळे याच अक्षराने ओळखतात. त्यामुळे त्या काळाबद्दल बोलायला तोंड उघडलं की नावातच बोलणाऱ्याची बाजू उघड होते.

माझ्या वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होती. रुग्णाचं नाव पडताळताना या अक्षरावर आली की ती आवाज बारीक करायची. सुरुवातीला माझ्या ते लक्षात आलं नाही. पुढे एकदा चहाला बसलो असताना तिने स्वतःच सांगितलं, तरुणपणी मिश्र वस्तीत काम करताना लागलेली सवय आहे. मी 'एच' म्हणायचे. तर एका पेशंटने मला विचारलं होतं, "तू प्रोटेस्टंट हिंदू की कॅथलिक हिंदू?" तो हसून विचारत होता, पण त्याला उत्तर हवं होतं.

रजनीगंधा

वंदनाताई, अंगावर काटा आला वाचून.

शब्दवेडा

वंदनाताई, मनापासून आभार. यालाच इंग्रजीत शिबोलेथ म्हणतात. बायबलच्या जुन्या करारात शास्ते नावाचं पुस्तक आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर पहारा बसतो. पळून जाणाऱ्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावायचं. ज्याच्या तोंडून 'श' निघत नाही, 'सिब्बोलेथ' निघतं, तो शत्रू. तिथे बेचाळीस हजार मेल्याचं लिहिलंय. एका 'श'वरून.

जोशीसरांच्या मुद्द्याकडे येतो. इंग्लंडमध्ये 'हेच'ला नाक मुरडतात त्याला कारण आहे. तिथले कामकरी लोक शब्दारंभीचा 'ह' गाळत, आणि एकोणिसाव्या शतकात तो गाळणं हे अडाणीपणाचं लक्षण ठरलं. १८५४ साली लंडनमध्ये या एकाच अक्षराच्या वापरावर छोटं पुस्तक निघालं होतं, इतकी त्याची धास्ती. मग घाबरलेली माणसं जिथे 'ह' नाही तिथेही तो लावू लागली. 'हेच' त्यातलंच एक, असा शिक्का बसला. आयर्लंडमध्ये 'ह' गाळण्याची सवयच नव्हती, तिथे हा शिक्का बसायला जागा नव्हती.

आणि आता इंग्लंडही बदलतंय. जॉन वेल्स या ध्वनिशास्त्रज्ञांच्या पाहणीत १९८२ नंतर जन्मलेल्या ब्रिटिशांपैकी २४ टक्क्यांनी 'हेच' पसंत केलं होतं.

भाग्यनगरी

मी मूळची लातूरची, वीस वर्षं हैदराबादेत. इथे सगळे 'हेच'. तेलुगूत लिहितातसुद्धा 'हेच्'. शेजारी कर्नाटकात माजी पंतप्रधान देवेगौडांच्या नावातलं पहिलं अक्षरही 'हेच्' असं छापलेलं दिसतं. ही माणसं कोट्यवधी आहेत, जगभर नोकऱ्या करतायत, नाक मुरडणाऱ्यांच्या मुलाखतीही पास होतायत. जोशीसर, राग मानू नका. पण 'चूक' हा शब्द फार घाईने वापरतो आपण.

जोशीसर_नाशिक

ताई, राग कसला. पण मग शिक्षकाने करायचं काय? वर्गात दोन्ही चालेल म्हटलं की मूल गोंधळतं. मी एक रूप पक्कं शिकवतो, बाकीची ऐकून त्याला पुढे कळतीलच. आणि वंदनाताईंचा अनुभव वाचून माझं मत उलट घट्ट झालं. उच्चारावरून माणसं पारखली जात असतील तर मुलाच्या हाती सगळ्यांत सुरक्षित उच्चार द्यायला नको का?

वंदना_सांगली

सर, बेलफास्टला सुरक्षित उच्चार नव्हताच. रस्ता कुठला, यावर ठरायचं.

टोरांटोकर

आमच्याकडचं भांडण शेवटच्या अक्षराचं. कॅनडात ते 'झेड', सीमेपलीकडे अमेरिकेत 'झी'. मुलं टीव्हीवरच्या अमेरिकन कार्यक्रमांतून अक्षरं शिकतात आणि 'झी' म्हणतात. माझा मुलगाही म्हणायचा. आम्ही काळजी करत बसलो. पण इथल्या विद्यापीठातले जॅक चेंबर्स म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं काम वाचनात आलं. १९७९ च्या पाहणीत टोरांटोतल्या बारा वर्षांच्या मुलांपैकी दोन तृतीयांश 'झी' म्हणत होती आणि मोठ्यांपैकी फक्त ८ टक्के. तीच पिढी मोठी झाल्यावर पाहिलं तर पुष्कळजण आपसूक 'झेड'वर आले होते. कुणी छडी घेऊन बसलं नव्हतं. आपण कॅनडियन, अमेरिकन नव्हे, हे वयात येताना कळतं आणि जीभ वळते.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. 'झेड' म्हणतो. अमेरिकन गाड्यांच्या आणि गायकांच्या नावात मात्र 'झी'च ठेवतो, कारण ती त्यांची नावं.

ताई, पाच वर्षांच्या मुलीचं अक्षर म्हणजे शिलालेख नव्हे. बदलेल तर बदलेल.

न्यूजर्सीची_नीलू

आम्ही 'झी'वाले! 'झी' काही टीव्हीने आणलेलं नाही हां. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पुस्तकातच ते सापडतं. बी, सी, डी, ई यांच्या चालीवर बेतलेलं. वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात 'झी' आलं. मग १८३५ साली बॉस्टनमध्ये ते प्रसिद्ध अक्षरगाणं छापलं गेलं. त्याची चाल 'झी'वरच नीट बसते, शेवटची ओळ 'मी'ने संपते ना. भारतात मी ते 'झेड' म्हणून शिकले होते आणि शेवटी यमक तुटायचं, ते लहानपणी फार बोचायचं. इथे लेकीबरोबर म्हणताना पहिल्यांदा जुळलं.

आणि व्हिसाच्या नावावरून इथे लगेच कळतं कोण कुठला. आम्ही 'एच वन', आंध्र-तेलंगणाची मंडळी 'हेच वन'. डब्यावर बसलो की यावरून रोज हसाहशी.

गावाकडचा_गणू

झेड आणि झी यावरून टोरांटो आणि न्यूजर्सीने भांडू नये. महाराष्ट्राने दोन्ही कधीच पचवलंय. गावातली शाळा 'झेडपी'ची, संध्याकाळची मालिका 'झी मराठी'वर. आमच्या आजीला कुणी 'झीपीची शाळा' म्हटलं तर कळणार नाही आणि 'झेड मराठी' म्हटलं तर रिमोट द्यायची नाही.

टोरांटोकर

गणूभाऊ, हे तर चेंबर्ससाहेबांना कळवायला हवं :)

रात्रपाळी

यावर माझी रोजीरोटी अवलंबून होती. पुण्यात कॉल सेंटरला सहा वर्षं काढली, आधी अमेरिकन ग्राहक, नंतर ब्रिटिश. अमेरिकनांना 'झेड' म्हटलं की ओळ शांत व्हायची. त्यांना वाटायचं काहीतरी दुसरंच बोललो. 'झी' म्हटलं तर ऐकताना 'सी' वाटायचं. एका बाईंचा पॉलिसी नंबर मी तीन वेळा चुकीचा टाकला. त्या बिचाऱ्या हॉस्पिटलच्या पार्किंगमधून बोलत होत्या, नवरा आत ॲडमिट. चौथ्यांदा मी 'झी ॲज इन झीब्रा' म्हणालो आणि सापडलं. त्या रडायला लागल्या, मीही घाबरून गेलो होतो.

मग ब्रिटिश टीममध्ये गेलो तर सगळं उलटं. तिथे 'झेड' आणि प्राणीही 'झेब्रा'. पहिला आठवडा जीभ अडखळायची. हेडसेटच्या वायरला मी चिठ्ठी चिकटवली होती, 'आज झेड'.

त्यामुळे बरोबर-चूक मला माहीत नाही. ज्याला ऐकायचंय त्याला पहिल्या झटक्यात कळलं की झालं.

शब्दवेडा

रात्रपाळी, फार सुंदर प्रतिसाद. 'झेड'चं मूळ ग्रीक 'झीटा', फ्रेंचमार्गे. जाता जाता तिसरं नावही सांगतो, 'इझर्ड'. अठराव्या शतकात इंग्लंडात ते चांगलंच रुळलेलं होतं, जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही आहे. आता जवळजवळ गेलंच. पण हाँगकाँगमध्ये लोक या अक्षराला 'ई-झेड'सारखं काहीतरी म्हणतात, त्यात हा 'इझर्ड' अजून जिवंत आहे.

यष्टीप्रेमी

इतके देश फिरून झाले, आता जरा घरी या की. आमच्याकडं 'यष्टी' म्हणत्यात. 'यम.ए.', 'येलायशी', 'यमेशीबी'चा वायरमन. हे पण अक्षरांच्या नावाचंच हाय. पुण्यात शिकाय गेलो तवा हॉस्टेलवर मी 'यस्टीनं आलो' म्हणलो आन खोलीतली तिघं हसली. दोन वर्षं मी 'बसनं आलो' म्हणत होतो. एस.टी. हा शब्दच तोंडात घ्यायचा सोडला.

इंग्रजाच्या पोरानं 'हेच' म्हणलं तर त्यावर पाहणी व्हती, आमच्या 'यष्टी'वर नुसतं हसू. का बरं?

शब्दवेडा

हसायचं काहीच कारण नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या 'ए'आधी 'य' येणं हे मराठीच्या अंगातलंच आहे. जुन्या पोथ्या, कागदपत्रं काढून बघा, 'येक' लिहिलेलं सापडेल. आजही 'एक' असं लिहून 'येक' म्हणणारे पेठांतसुद्धा आहेत, त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच. 'एस.टी.'ची 'यष्टी' झाली ती त्याच नियमाने, आणि पुढे 'स'चा 'ष' होऊन 'ट'ला बिलगला. आयरिश माणसाने 'ह' लावला, आपण 'य' लावला.

पेठेतला_पक्या

आत्ता मोठ्याने 'एक' म्हणून पाहिलं. येक आलं. आईला म्हणायला लावलं. येक. यष्टीप्रेमी, तुमच्या हॉस्टेलवाल्यांच्या वतीने मी माफी मागतो, मनापासून.

वैनगंगा

राजेहो, या अक्षराचं नाव निघालं आणि एच.एम.टी. तांदळाची कोणी आठवण काढली नाही? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. धानाच्या बांधीत वेगळी लोंबी दिसली, ती जपली, वाढवली आणि बारीक, सुवासिक वाण काढलं. त्या वेळी एच.एम.टी.ची घड्याळं सगळ्यांना हवीहवीशी, म्हणून तांदळाला तेच नाव पडलं. २०१८ साली दादाजी गेले.

दुकानात कोणी 'एचेमटी' मागते, कोणी 'यचेमटी'. पोतं तेच निघते.

रजनीगंधा

वैनगंगाताई, हा तांदूळ पुण्यात अस्सल कुठे मिळेल? वरणभाताला उत्तम असं ऐकलंय.

वैनगंगा

ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच मागवा. भात करताना पाणी जरा कमी, दाणा मोकळा राहते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डब्लिनकर

धागा तांदळात शिजायच्या आत मूळ प्रश्नावर येऊया. ताई, बाबांनी वाचलं का?

रजनीगंधा

येऊया, पण मडगावची एक आठवण सांगू द्या. माझी आजी १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकली. ती या अक्षराला 'आगा' म्हणायची. मी इंग्रजी शाळेतून आले की आमची उजळणी चालायची. मी 'एच', ती 'आगा'. दोघींनी कधी एकमेकींना दुरुस्त केलं नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तिची वही मिळाली, प्रत्येक अक्षरापुढे तिने मी म्हणायचे ते नाव देवनागरीत लिहून ठेवलं होतं. म्हणजे माझ्याकडून शिकत होती.

मिहिकाची_आई

काल रात्री सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दोन तास लागले. 'आच'चं 'एच' आणि 'नाम'चं 'नेम' त्यांना एकदम पटलं, ते वहीत उतरवून घेतलं. वंदनाताईंचं वाचताना ते मध्येच उठून गॅलरीत जाऊन आले. जोशीसर, तुमच्या प्रत्येक प्रतिसादाला 'बरोबर आहे' म्हणत होते.

पण यष्टीप्रेमींचं वाचलं आणि गप्पच झाले. मग बऱ्याच वेळाने बोलले. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही.

बाबा मूळचे पाटणकडच्या एका वाडीतले. १९७५ साली कोल्हापूरला बी.एड. करताना पहिल्या पाठाला फळ्यावर हे अक्षर काढून ते 'यच' म्हणाले. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी तिथेच थांबवलं आणि चाळीस जणांसमोर म्हणत राहायला सांगितलं, नीट येईपर्यंत. नीट यायला किती वेळ लागला ते त्यांना आठवत नाही, हसण्याचा आवाज आठवतो. त्यानंतर महिनाभर ते पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन एकटे म्हणत बसायचे. एच, एच, एच.

"पोरीला कुणी असं उभं करू नये म्हणून सांगत होतो," म्हणाले.

मला पुढे वाचवेना. नवऱ्याने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

जोशीसर_नाशिक

बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. मी सुरक्षित उच्चाराचं लिहिलं तेव्हा मनात माझीही अशीच एक सकाळ होती. ती कधीतरी लिहीन.

यष्टीप्रेमी

बाबांना म्हणावं, कराड स्टँडवर उतरल्याव फोन करा. घ्यायला येतो. यष्टीनंच जाऊ वाडीला.

भाग्यनगरी

आणि मिहिकाचं काय ठरलं?

मिहिकाची_आई

तेच सांगायला आले, आठवडा झाला लिहायला.

शाळेत कुणी गेलं नाही. बाबांनीच मिहिकाला जवळ घेऊन सांगितलं, या अक्षराला दोन नावं आहेत, जसं तुला शाळेत मिहिका म्हणतात आणि घरी मिहू. तिला ते इतकं आवडलं की बाकीच्या अक्षरांची दुसरी नावं कुठली, म्हणून मागे लागली. डब्लिनकर, तुमचं 'ऑर' आणि ग्लासगोचं 'जाय' दोन्ही पाठ झालंय तिचं.

आता दोघांचा नवीन उद्योग चाललाय. संध्याकाळी फिरायला जाताना बाबा कागदावर हे अक्षर मोठं काढून नेतात, मिहिका समोरच्याला दाखवते आणि विचारते, हे काय? बाबा वहीत दोन रकाने करून खूण करतात. पोस्टमन, लायब्ररीतल्या बाई, बागेत कुत्री घेऊन येणारी मंडळी, बेकरीतला मुलगा. कालपर्यंत एच १९, हेच १४. शाळा कुठली ते बाबा शेवटी हळूच विचारतात. हेचवाल्या चौदातले नऊ कॅथलिक शाळेतले निघाले, पाच नाहीत, त्यामुळे आता त्यांना मैत्रिणीचं म्हणणं अर्धवट वाटायला लागलंय.

काल कोपऱ्यावरच्या ग्रीक आजींकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, लिंबाची झाडं आहेत त्यांच्या दारात. मिहिकाने कागद पुढे केला. आजींनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ईता."

बाबा वही उघडी धरून फाटकातच उभे राहिले. मग पट्टी मागून आणली आणि तिसरा रकाना आखला.